मुंबई ते नांदी, पंधरा तास

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. पारसचा डावा पाय ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्यात सापडून गुडघ्याखाली चिरडला होता. रक्त कसंबसं थांबवलं होतं. त्याला शुद्ध होती. त्याच्या गटाचं रक्त त्या देशात कुठेच नव्हतं.

पारस माझा धाकटा भाऊ. सांगलीकडची बरीच माणसं साखर कारखान्यांच्या नोकरीवर आफ्रिकेत जातात, तसा तो चार वर्षांपूर्वी पॅसिफिक महासागरातल्या फिजीला गेला होता. कारखाना मुख्य बेटापासून लांबच्या एका बेटावर होता. फोन त्याच्या बायकोचा, सन्मतीचा होता.

"ताई, डॉक्टर म्हणतायत पाय काढावाच लागणार. पण रक्ताशिवाय टेबलावर घ्यायला त्या तयार नाहीत."

"किती थांबतील?"

"गुरुवार दुपारपर्यंत. त्याच्यापुढं अंगात विष पसरंल म्हणतायत."

तो मंगळवार होता.

"मुख्य बेटावर नेता येत नाही?"

"हलवलं की परत रक्त सुरू होतंय. एकदा बघितलं नेऊन. एक बाटली मिळाली तरी मी करते म्हणाल्या डॉक्टरीणबाई. एक तरी."

एक बाटली माझ्या अंगात होती. आमच्या रक्तगटाला बॉम्बे म्हणतात. नेहमीच्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, पण ओ गटाचं रक्त त्याला चालत नाही. बॉम्बेला फक्त बॉम्बेच लागतं. दहा हजारांत एखादा माणूस असा निघतो, आणि आमच्या एका घरात दोघं निघालो होतो. अशी माणसं शिबिरात जाऊन रक्त देत नाहीत. कुणी मागेपर्यंत ते अंगातच राखून ठेवतात, कारण एकदा दिलं की पुढचे चार महिने तो माणूस उपयोगाचा नाही. मी राखून होते.

बाटली पेटीत घालून पाठवायची तर सरकारी परवानगी लागते, त्यात आठवडा जातो. माणूस पाठवायला परवानगी लागत नाही. माझ्याकडे पासपोर्ट होता आणि फिजीला आपल्या लोकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही.

"मी येते," मी म्हणाले.

"थांबा, ते बोलतो म्हणतायत."

पारसचा आवाज लांबून, पण नेहमीचाच आला.

"तायडे, येऊ नको म्हणलं तर ऐकणार हाईस का?"

"नाही."

"मग ये. बुटाचं काय करायचं तेवढं विचारून ये कुणाला तरी. एकच पाहिजे आता. दुकानदार निम्म्यात देतोय का बघ."

"गप पड."

"अण्णा जवळ हाईत?"

अण्णा, आमचे वडील, दारातच उभे होते, पंचा खांद्यावर, दात घासायचे राहिलेले. मी होय म्हणाले.

"त्यांना वाटेचं काही सांगू नको. त्यांना जेवढं माहीत आहे, तेवढंच असू दे. कळलं का?"

"कळलं."

"दे त्यांच्याकडं."

अण्णांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "होय रे बाळा. होय. येतीय ती. आत्ताच निघतीय," एवढंच ते म्हणाले आणि फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ तो कानालाच धरून उभे राहिले.

जाण्याआधी मला आणखी एक फोन करायचा होता. मिरजेच्या एका इस्पितळात रुबिना मुजावर नावाची चोवीस वर्षांची मुलगी दाखल होती. तिचा गटही बॉम्बे. वार खाली सरकली होती, म्हणजे बाळंतपणात रक्त जाणार हे ठरलेलं. दहा दिवसांनी सिझेरियन करायचं, त्याच्या दोन दिवस आधी माझं रक्त काढून ठेवायचं, असं तिच्या डॉक्टर आशा गव्हाणे यांनी ठरवलं होतं. महिन्यापूर्वी मी तिला एकदा भेटले होते. "तुम्ही पेपरात असता ना? मग गावाला जाऊ नका हां तेवढे दिवस," असं ती हसत हसत म्हणाली होती.

डॉ. गव्हाणे यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जा तू. सख्खा भाऊ आहे. माझ्याकडे अजून दहा दिवस आहेत. मी मुंबईत शोधते."

"संगमनेरचे जोशी?"

"गेल्याच महिन्यात देऊन बसलेत. चिपळूणच्या मुलाला कावीळ झालीय. बघू. कोणीतरी निघेल."

"डॉक्टर, आत्ता येऊन तुमच्याकडे एक बाटली दिली आणि मग तिकडे जाऊन..."

"तुझं हिमोग्लोबिन जेमतेम साडेबारा आहे, सुनेत्रा. दोन दिवसांत दुसरी बाटली कुठला डॉक्टर काढेल? विमानात तूच आडवी होशील. एकाच ठिकाणी देता येईल. जा."

आठच्या आत तिकीट झालं. मी सांगलीच्या एका दैनिकात जिल्ह्याचं पान लावायचे. पेपरचे गठ्ठे पोचवून परत आलेली पार्सलची जीप संपादकांनी दिली. चालक कल्लाप्पा पहाटेपासून कऱ्हाड-विट्याची फेरी करून आला होता. "मॅडम, मुंबईपतोर डोळा लागणार न्हाई, काळजी करू नका," असं सांगून त्याने तोंडावर पाणी मारलं.

अण्णा मला सोडायला मुंबईपर्यंत येणार होते. त्यांनी माझ्या पिशवीत एक लहान बाटली ठेवली. बस्तीतलं, म्हणजे आमच्या जैन मंदिरातलं गंधोदक, मूर्तीच्या अभिषेकाचं पाणी. आमच्या घरात कुणी आजारी पडलं की ते कपाळाला आणि डोळ्यांना लावतात. "रक्त दिल्यावर लाव त्याला," म्हणाले. "आधी नको. आधी डॉक्टरचं काम होऊ दे."

पेठनाका आला. हमरस्त्याला लागल्यावर त्यांचा हिशेब सुरू झाला. अण्णा, म्हणजे आदगोंडा मगदूम, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सांगलीच्या स्थानकावर तीस वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या. कुठलंही गाव त्यांच्या लेखी इतक्या तासांवर असायचं. किलोमीटर सांगितले तरी ते मनातल्या मनात त्याचे तास करून घेत.

"चारला मुंबई. पुण्यात अडकलो तर साडेचार," ते म्हणाले. "विमान आठचं. आठ आणि पंधरा तेवीस. म्हणजे उद्या सकाळी अकराला तू तिथं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"अकरा आपले हं. त्यांच्याकडं तवा संध्याकाळ हुईल. मग रात्रीतच करतील काय ऑपरेशन?"

"डॉक्टर ठरवतील, अण्णा."

"मी सन्मतीला सांगितलं उद्या अकरा म्हणून. होय म्हणाली." त्यांनी मांडीवर बोटं मोजली. "गुरुवारपतोर थांबतो म्हणालीय डॉक्टरीण. आपण बुधवारीच पोचतोय. एक दिवस हातात हाय की."

पुढे बसलेला कल्लाप्पा म्हणाला, "अण्णा, पंधरा तासात फिजी? आमची सासरवाडी येवढ्या वेळात येत न्हाई."

"कुठं हाय सासरवाडी?"

"जमखंडीच्या पलीकडं."

"मग तुझी गाडी वाईट हाय," अण्णा म्हणाले, आणि त्या सकाळी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरासा सैल झाला.

कऱ्हाड सोडल्यावर कल्लाप्पाच्या डोळ्यांत लाली दिसायला लागली, म्हणून उंब्रजला चहाला थांबलो. चहाचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला. डॉ. गव्हाणे.

"सुनेत्रा, कुठे आहेस?"

"उंब्रज."

"रुबिनाला ब्लीडिंग सुरू झालंय. बरंच आहे. आता दहा दिवस सोड, मला दोन-तीन तासांत करावं लागेल." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश होता. "मुंबईत एकजण मिळालाय, तो संध्याकाळी निघणार, म्हणजे रात्री. तोवर काही खरं नाही. हे बघ, मी तुला परत ये म्हणत नाही. तुला न सांगणं बरोबर झालं नसतं, म्हणून सांगितलं."

"बाळ?"

"दोघंही."

मी फोन ठेवला. अण्णा बशीत चहा ओतून घेत होते. मी त्यांना ऐकलं ते सगळं सांगितलं. रुबिना त्यांना नावाने माहीत होती.

"वाईट झालं," ते म्हणाले. "मुंबईचा निघालाय न्हवं? देव करंल बरं. चल, उशीर नको."

"अण्णा, तो रात्री पोचणार. मी दीड-पावणेदोन तासांत मिरजेत पोचते."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"आणि पारस?"

मी कप बाजूला सरकवला.

"पारसकडं उद्या अकराला पोचतीस तू. हिकडं कुणीतरी मिळंल, तिकडं कोण हाय? सबंध देशात कोण न्हाई. हिशेब कर की जरा."

"उद्या अकराला मी पोचत नाही, अण्णा."

"का? विमान चुकतंय काय?"

"विमान चुकत नाही. आज रात्री निघून उद्या पहाटे मी हाँगकाँगला उतरणार. तिथून पुढचं विमान उद्या संध्याकाळी. ते गुरुवारी सकाळी नांदीला पोचवतं. नांदी म्हणजे मोठ्या बेटावरचा विमानतळ. पारस तिथे नाही. तिथून वीस-बावीस माणसांचं लहान विमान दुपारच्या आत त्याच्या बेटावर जातं. तेही हवा बरी असली तर. पाऊस असला तर उडत नाही."

"पंधरा तास म्हणालं होतं ते," अण्णा म्हणाले.

ते म्हणजे आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर. चार वर्षांपूर्वी पारसची नोकरी ठरली तेव्हा अण्णा नाही म्हणून बसले होते. आई नुकतीच गेली होती. जगाच्या त्या टोकाला कशाला, म्हणत होते. एका दुपारी पारस त्यांना आमच्या ऑफिसात घेऊन आला आणि दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारं एक पान त्याने उघडलं. एका चौकोनात मुंबई, दुसऱ्यात नांदी. खाली बारा हजार शंभर किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ पंधरा तास, असं आलं. किलोमीटरकडे अण्णांनी बघितलं नाही. तासांच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या नागपूर गाडीपेक्षा कमीच की." त्याच संध्याकाळी त्यांनी होकार दिला. पारस पोचल्याचा फोन तिसऱ्या दिवशी आला. वाटेत हाँगकाँग फिरून घेतलं, असं त्याने अण्णांना सांगितलं. खरं काय ते मला सांगितलं. पुढे दर वेळी सुट्टीवर येताना-जाताना त्याने असंच काहीतरी सांगून दोन दिवस भरून काढले, आणि अण्णा गल्लीत सगळ्यांना सांगत राहिले, पोरगा पंधरा तासांवर आहे, काही झालं तर रात्री निघून सकाळी येईल.

"ते सरळ रेषेचं गणित आहे, अण्णा," मी म्हणाले. "अंतर मोजायचं आणि विमानाच्या वेगाने भागायचं. तसं सरळ जाणारं विमानच नाही."

"गाडीच न्हाई?"

"नाही."

"न्हाई तर वेळ कशाला लावली?"

कल्लाप्पाने चहा संपवून ग्लास खाली ठेवला.

"तीस वर्षं फलाटावर काढली," अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "जी गाडी सुटत न्हाई, तिची वेळ आम्ही कधी फळ्यावर लिहिली न्हाई. कधी न्हाई. माणूस फळा बघून घरातनं निघतो." ते रस्त्याकडे बघत होते. "पारसला ठाव होतं?"

"होय."

"तुला?"

"तो पोचल्यावर कळलं."

"सन्मतीला?"

"होय."

"म्हणजे मीच तेवढा राहिलो."

कल्लाप्पा उठून जीपच्या काचेवर फडकं मारायला लागला. काच स्वच्छ होती.

"गुरुवारी दुपारी पोचतीस म्हणतीस," अण्णा म्हणाले. "डॉक्टरीण गुरुवार दुपारपतोरच थांबतीय."

"हो."

"म्हणजे पोचतीस."

"हवा बरी असली तर पोचते. आणि तोवर त्याचं काही झालं नाही तर."

"आणि न्हाई गेलीस तर?"

"तर त्या बिनरक्ताचं ऑपरेशन करतील."

अण्णांनी बशी परत हातात घेतली. मी त्यांच्याकडे बघत होते, कारण त्यांनी काहीतरी म्हणावं असं मला वाटत होतं. चल म्हणाले असते तर मी मुंबईकडेच निघाले असते. मग त्यांनी विचारलं, "कितवा महिना होता तिचा?"

"आठ भरलेत."

"हं."

"अण्णा, मी परत फिरते."

"मला विचारू नको." ते उठले. "विचारलंस तर मी बाप म्हणून बोलणार. त्यापेक्षा विचारू नको."

त्यांनी जीपचं मागचं दार उघडलं आणि माझी पिशवी बाहेर काढली. कपडे, तिकिटाचा कागद, गंधोदकाची बाटली, सगळं त्यातच होतं. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. पिशवी खांद्याला लावून ते रस्त्याच्या कडेने एसटी स्थानकाकडे चालायला लागले.

"अण्णा, कुठं?"

"मुंबईला."

"तुमच्याकडं पासपोर्ट नाही."

"मुंबईपतोर लागत न्हाई," ते म्हणाले आणि थांबले नाहीत.

मी त्यांच्या मागे गेले नाही. कल्लाप्पा म्हणाला, "मॅडम, वळायला पुढं जावं लागंल, हितं मधी कठडा हाय." वळून आलो तेव्हा पलीकडच्या बाजूला मुंबईची गाडी लागली होती. अण्णा दारात कंडक्टरशी बोलत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं की नाही, ते मला नीट दिसलं नाही.

कासेगावच्या आसपास मी सन्मतीला फोन केला. बोलायचं ते मनात दोनदा लावून घेतलं होतं. प्रत्यक्षात एवढंच आलं, "सन्मती, मी येत नाही."

पलीकडून कुणीतरी हिंदीत काहीतरी बोलल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगते. आता थांबून उपयोग नाही, म्हणजे त्या उद्या सकाळीच घेतील." मग म्हणाली, "ते झोपलेत आत्ता. उठले की काय सांगू?"

"विमान नाही म्हणून सांग."

"त्यांना विमानं पाठ आहेत, ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मिरजेत पोचल्यावर मला सरळ आत नेलं. बाटली भरायला वेळ लागला नाही. भिंतीपलीकडे धावपळ ऐकू येत होती. बाहेर रुबिनाचा नवरा सलीम उभा होता. तो माझ्याजवळ आला आणि त्याने पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. दुपारी मुलगी झाली. रात्री मुंबईचा माणूस आला, त्याचीही बाटली लागली. रुबिना आठव्या दिवशी घरी गेली.

बुधवारी सकाळी, त्यांच्या सकाळी, पारसचं ऑपरेशन झालं. पाय गुडघ्याच्या वर काढला. टेबलावरून तो खाली आला आणि संध्याकाळी सन्मतीशी दोन शब्द बोलला. रात्री ताप चढला.

अण्णा गुरुवारी सकाळी घरी आले. पिशवी खांद्याला तशीच होती. मंगळवारची रात्र आणि बुधवारचा दिवस विमानतळाबाहेर काढला, एवढंच त्यांनी सांगितलं. एसटीत असताना लोक आजाऱ्याचा डबा, औषधं ड्रायव्हरच्या हाती देत आणि ती ठरल्या गावी पोचत, तसं तिकडे जाणारं कुणी भेटतंय का, ते बघत होते. मी पिशवी उघडली तेव्हा कपडे होते, बाटली नव्हती. कुणाला दिली, विचारलं. "एक बाई होती," म्हणाले. "पोचवते म्हणाली. पुढचं मी विचारलं न्हाई." मग ते आंघोळीला गेले. साडेदहानंतर थोड्या वेळाने फोन आला. फिजीत संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. पारस गेला होता.

त्याला तिकडेच अग्नी दिला. दिवाळीत सन्मती सांगलीला आली आणि महिनाभर राहिली. मी येत नाही म्हटल्यावर डॉक्टर थांबल्या नाहीत, हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. मी आणखी एक गोष्ट विचारली. गुरुवारी तिकडे हवा कशी होती?

"पाऊस होता, ताई," ती म्हणाली. "सकाळपासनं. विमान आलंच नाही त्या दिवशी." हे सांगताना ती भाजी निवडत होती आणि तिने मान वर केली नाही.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी कवठेपिरानचा एक फिटर अण्णांना भेटायला आला. पारसच्याच कारखान्यात होता, आता निवृत्त होऊन गावी परतलाय. अण्णांसमोर बसून तो जुन्या आठवणी सांगत होता. पारससाहेब माणूस म्हणून कसे होते, कामगारांत कसे बसायचे. मग म्हणाला, "मी रजेवर गेलो होतो तवा. गुरुवारी सकाळी नांदीत उतरलो, लहान विमान धरलं, दुपारी बेटावर हजर. आणि उतरतोय तर ही बातमी, की साहेबांचं आता काही खरं नाही."

मी विचारलं, "नक्की गुरुवारच?"

"गुरुवारच. का बरं?"

अण्णा समोरच होते. त्यांनी फिटरला विचारलं, अजून अर्धा कप चहा घेणार का. तो घेतो म्हणाला.

ऑफिसात अशी दोन उत्तरं आली की आम्ही तिसऱ्या माणसाला फोन करतो. त्या विमानतळाचा नंबर शोधला तर मिळेल. सन्मतीला पुन्हा विचारता येईल. ती तिकडेच शाळेत शिकवते. तिने मध्ये नंबर बदलला. नवा नंबर अण्णांकडे आहे. मी तो अजून मागितलेला नाही.